म्हात्रेबाईंचा राग

गेल्या महिन्यात रोह्याच्या बाजारात, माझ्या मेडिकलच्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबावर एक बॅनर लागला. वर म्हात्रेबाईंचा फोटो. फोटोत त्यांना कोणीतरी कॉम्प्युटरवर हसवलेलं, डोक्यामागे पिवळं तेजोवलय काढलेलं. खाली ठळक अक्षरात ‘शांतमूर्ती योगमाता यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याच्याही खाली शोक करणाऱ्यांची नावं, आणि त्यात पहिलं नाव इथल्या केमिकल कंपनीचं.

मी दुकानातलं स्टूल बाहेर आणलं, वर चढले आणि बॅनर टराटरा फाडला. समोरचा पानवाला ओरडला, “अहो ताई, मेलेल्या माणसाचा बॅनर हाय तो!”

“म्हणूनच फाडतेय,” मी म्हटलं. “जिवंत असत्या तर त्यांनीच फाडला असता.”

पेणला रामवाडीत भावाच्या घरी सकाळचा चहा घेता घेता बाई गेल्या. झोपून राहिल्या नाहीत, कोणाकडून करून घेतलं नाही. त्या गेल्याचं मला वाईट वाटलं, पण अशा गेल्या याचं समाधानही वाटलं. त्या बॅनरचा मात्र संताप अजून उतरलेला नाही. शांतमूर्ती म्हणे! त्यांना ओळखणाऱ्या कोणीही हा शब्द वापरला नसता. म्हणून हे लिहितेय. निदान चार माणसांना तरी कळू दे की ती बाई कशी होती.

बुटक्या, सावळ्या, नाकात बारीकशी चमकी, केस इतके करकचून बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. मूळच्या पेणच्या खारेपाटातल्या. वडील मिठागरात राबलेले. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, शेवटची नेमणूक रोह्याजवळ झाली आणि निवृत्तीनंतर त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नव्हतं. नोकरीत असताना दर उन्हाळी सुट्टीत एका आश्रमात जाऊन ध्यान शिकल्या. कुठला आश्रम, गुरू कोण, हे कधीच सांगितलं नाही. एकदा मी फारच खोदून विचारलं तर म्हणाल्या, “गुरूचं नाव पाटीवर लावायला नसतं. दुकान तुझं आहे, माझं नाय.”

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती झोप येत नव्हती म्हणून. गोळ्या विकणारी मी, पण स्वतः गोळी घ्यायची भीती. नदीच्या बाजूला एका समाजाचं सभागृह होतं, तिथे सकाळी त्यांचा वर्ग भरायचा. नवी चटई, नवा ट्रॅकसूट, पाण्याची बाटली अशी नटूनथटून गेले. बाईंनी मला खालून वर पाहिलं.

“कुठे निघालात? पळायला?”

“नाही, योगाला आले.”

“मग बसा.”

बसले. बराच वेळ गेला. कोणी हात वर करेना, कोणी कंबरेत वाकेना. शेवटी माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त तलाठी धीर करून म्हणाले, “बाई, सुरू कधी करायचं?”

“सुरू झालंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कुठे होतात?”

त्यांच्याकडे आसन एकच, बसणं. पाठ ताठ, पण लाकूड नाही. हात मांडीवर. डोळे मिटलेले. बाकी सगळ्याला त्या कसरत म्हणायच्या. कसरतीला त्यांचा विरोध नव्हता. त्या स्वतः पायी एवढ्या चालायच्या की आम्ही दमायचो. पण तिला योग म्हटलं की भडकायच्या. कोणी विचारलं, वजन कधी कमी होईल, तर उत्तर यायचं, “वडापाव बंद करा, होईल. इथे वजनकाटा नाय.”

श्वासाबद्दल मात्र त्या फार हळू बोलायच्या. “ओढायचा नाय, कोंडायचा नाय. आपल्या ओट्यावर बसतो ना आपण, आणि रस्त्याने माणसं जातात? तसा तो येताना बघायचा, जाताना बघायचा. हाक मारायची नाय. कोण, कुठला, विचारायचं नाय.” कोणी म्हणालं, मन पळतं, तर म्हणायच्या, “पळणारच. पळालं हे कळलं ना? मग झालं. ज्याला कळलं, त्याच्याजवळ परत येऊन बसा.”

हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्याच्याही आधी त्यांची एक अट असायची. श्वास बघण्याआधी अहिंसा आणि सत्य. या दोन पायऱ्या चढल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. नव्या माणसाला त्या सांगायच्या, “आधी आठवडाभर खोटं न बोलता राहा, मग या.” आमच्या वर्गात एकदा एक बांधकाम कंत्राटदार आले. हे ऐकून गेले ते परत आलेच नाहीत. बाईंना त्यांचं कौतुक वाटलं. “प्रामाणिक माणूस,” म्हणाल्या.

आता रागाचं सांगते. एका सकाळी वर्ग सुटला आणि आम्ही सगळे शांत चेहऱ्याने बाहेर पडलो. बाजाराच्या तोंडाशी डोंगरातली एक बाई करवंदं घेऊन बसली होती. एका दुकानदाराने, तिने त्याच्या पायरीची जागा अडवली म्हणून, तिची टोपली लाथाडली. करवंदं गटाराच्या कडेपर्यंत गेली. आम्ही थबकलो, हळहळलो आणि चालायला लागलो. बाईंनी मात्र त्या माणसाचा दंड धरला. त्यांचं डोकं त्याच्या छातीपर्यंत पोचत होतं.

“उचल.”

“ओ बाई, तुमचा काय संबंध?”

“उचल म्हणते ना! सगळी उचल. आन धुऊन दे तिला.”

शाळेत घुमलेला आवाज तो. माणसं गोळा झाली. त्या दुकानदाराने करवंदं उचलली, आणि पिण्याच्या पाण्याने धुतलीसुद्धा. पुढे चालताना तलाठी म्हणाले, “बाई, आत्ताच तर ध्यान केलंत. एवढ्यात एवढा राग?”

“ध्यान केलं म्हणून मला ती दिसली,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला दिसली का?”

तलाठी त्यानंतर दोन दिवस वर्गाला आले नाहीत. मग आले, आणि बाई पेणला जाईपर्यंत येत राहिले.

रंजनाला बाईंकडे मीच नेलं. रंजना नदीपलीकडच्या गावातली. थोडी भातशेती, कडधान्य, आणि नवरा कंपनीत कंत्राटी कामगार. ती माझ्याकडे दम्याचा पंप न्यायला यायची. एरवी हसरी, पण बोलताना मधेच थांबायची, जिना चढून आल्यासारखी. “वारा आमच्याकडं वळला का घसा जळतो, ताई,” ती म्हणायची. “भांड्यांवरसुदा वास बसतो.” गावात अनेकांचं असंच चाललं होतं, पण गावातली निम्मी घरं कंपनीवर जेवत होती. त्यामुळे घरात खोकायचं आणि बाहेर गप्प बसायचं.

रंजना बसायला शिकली. मन लावून शिकली. पण श्वास बघायचा म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ज्याला ओट्यावरून नुसतं बघायचं, तो तिच्या दारात धडपडत यायचा.

बाई तिच्या घरी राहायला गेल्या. दोन दिवसांनी परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. माझ्या दुकानात आल्या, गुळण्यांचं औषध घेतलं आणि म्हणाल्या, “त्या गावात मी कुठल्या तोंडाने सांगू, की बसा आणि श्वास बघा?” त्या दिवसापासून त्यांनी तक्रारी सुरू केल्या. या कार्यालयातून त्या कार्यालयात. मी कधी कधी सोबत जायचे. साहेब पंख्याखाली बसून म्हणायचे, “बाई, तुम्ही योग शिकवता, तुम्ही कशाला यात पडता?” बाई म्हणायच्या, “योग शिकवते म्हणूनच पडते.” साहेब हसायचे. ती हसणारी तोंडं मला अजून आठवतात.

मग एके दिवशी तपासणीचं पथक आलं. येणार हे कंपनीला कसं कळलं, देव जाणे. त्या दिवशी गावातली हवा अशी होती, जशी रंजनाच्या आजीच्या काळात असेल. पथक चहा पिऊन गेलं.

आणि मग कंपनीने गावासाठी श्वासाचं शिबिर ठेवलं.

हो, श्वासाचं. मोफत. मंडप, सतरंज्या, नाश्ता. शिकवायला मुंबईहून एक सर आले. पांढरा कुर्ता, मऊ आवाज, चेहऱ्यावर न हलणारं हसू. कंपनीचे अधिकारी पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते. सर म्हणाले, आजार शरीरात नसतो, विचारात असतो. श्वास अडतो कारण मनात भीती असते, तक्रार असते. पंप म्हणजे मनाची कुबडी, ती फेकून द्या. पुढे एक टोपली ठेवली होती. रंजनाने सगळ्यांसमोर आपला पंप त्या टोपलीत टाकला. टाळ्या वाजल्या. मग सरांनी सगळ्यांकडून जोरजोरात भस्त्रिका करवून घेतली. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी नवा पंप घेऊन मंडपात शिरले असते.

त्याच आठवड्यात एका दुपारी रंजनाचा नवरा बाईक टाकून दुकानात धावत आला. “पंप द्या, ताई, पंप!” मी दुकान तसंच उघडं टाकून त्याच्यामागे बसले. आम्ही पोचलो तेव्हा रंजना ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे पडलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या. पंपाने थोडं उतरलं, तेवढ्यात गाडी मिळाली, आणि अलिबागच्या रुग्णालयात पोचेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. रंजना ऑक्सिजनवर होती. मास्क बाजूला करून तुटक तुटक बोलली, “बाई, माझंच चुकलं. मी ध्यान नीट केलं नाय. माझ्या मनातच घाण हाय म्हनून श्वास अडला. ते सर म्हनले तसं.”

मी बाईंना कितीदा तरी चिडलेलं पाहिलं होतं. त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत. मास्क तिच्या तोंडावर नीट बसवला, म्हणाल्या, “तुझ्या मनात घाण नाय गो. बोलू नको,” आणि बाहेर आल्या. व्हरांड्यात त्यांनी कठडा धरला.

“जमीन लाटतात, पाणी लाटतात, हे बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी माझी विद्या उचलली आणि तिच्याच गळ्यावर ठेवली.”

पुढे योग दिन आला. कंपनीने आपल्या शेडमध्ये मोठा कार्यक्रम ठेवला आणि तालुक्यातल्या ज्येष्ठ योगशिक्षिका म्हणून बाईंना सत्काराचं बोलावणं धाडलं. माणसाला शालीत गुंडाळलं की तोंड बंद होतं, असा त्यांचा हिशेब असावा. बाई लगेच हो म्हणाल्या. मी चकित झाले. तलाठी मला म्हणाले, “आता काही खरं नाही.”

शेड गच्च भरली होती. कामगार, त्यांच्या बायका, शाळेची पोरं, पुढे खुर्च्यांवर साहेब. रंजनाही आली होती, नवऱ्याच्या शेजारी. कामगारांनी कुटुंबासह यायचं असा निरोप होता. सत्कार झाला. शाल घेतली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बाई माइकपाशी गेल्या. सूत्रसंचालक म्हणाला, दोन शब्द बोला.

“दोनच बोलते,” बाई म्हणाल्या. “अहिंसा आणि सत्य. योग इथून सुरू होतो. श्वास त्याच्यानंतर. ज्यांनी लोकांच्या श्वासात विष सोडलं त्यांनी श्वासाचं शिबिर घ्यायचं नसतं. आणि आजारी माणसाला, तुझ्याच मनात खोट आहे, असं सांगायचं नसतं. ते पाप आहे. मी शिक्षिका आहे, मला दुसरा शब्द येत नाय.”

माइक बंद झाला. बाईंना माइक कधी लागला होता? एक अधिकारी उठून आला आणि मऊपणे म्हणाला, “बाई, जरा शांत व्हा.”

“मी शांतच आहे. तुम्हाला ‘गप्प व्हा’ म्हणायचंय. तसं म्हणा.”

आणि मग त्या गर्दीकडे वळल्या. “रंजना, ऊठ गो. सांग ह्यांना काय झालं ते.”

सगळ्या माना मागे वळल्या. रंजनाने खाली बघितलं. नवऱ्याचा हात तिच्या हातावर होता. ती उठली नाही.

शेडमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग स्टेजवर, साहेबांच्या खुर्च्यांसमोर, त्या खाली बसल्या. पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले.

“बाई, उठा. पुढचा कार्यक्रम आहे.” सूत्रसंचालक खाली वाकला. “अहो, ऐकताय ना?” बाई बसलेल्या. बंदोबस्ताला आलेल्या महिला पोलिसाला बोलावलं. ती बाईंचीच शाळेतली विद्यार्थिनी निघाली. ती जवळ गेली, बघितलं आणि परत आली. “त्या काय करतायत?” ती साहेबांना म्हणाली. “योगच करतायत की.” मी गेले आणि स्टेजच्या खाली बसले. तलाठी गुडघा धरत धरत येऊन बसले. आमच्या वर्गातल्या तीनचार जणी बसल्या. बाकीच्या नाही. साहेब लोक घड्याळं बघत उठले, पोरांना केळी वाटली, आणि शेड रिकामी झाली. तेव्हा बाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, “चला, माझी एसटी चुकेल.”

त्यानंतर जे झालं ते तसंच झालं जसं नेहमी होतं. सभागृहाच्या विश्वस्तांना अचानक रंगकाम काढायचं सुचलं. कुलूप लागलं, रंग मात्र लागला नाही. ज्यांचे नवरे कंपनीत होते त्या बायका आम्ही रस्त्यात दिसलो की दुकानांच्या पाट्या वाचायला लागल्या. गावात लोक म्हणायचे, ध्यान करणाऱ्या बाईला एवढा राग शोभतो का? म्हणे राग शोभत नाही! रंजनाचे निळे ओठ शोभत होते का, हे विचारायला एकाचीही जीभ वळली नाही. आणि रंजना उठली नाही, बोलली नाही, तरी तिच्या नवऱ्याचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपवलं.

ते कळलं त्या दिवशी बाई मला घेऊन रंजनाकडे गेल्या. रंजना आम्हाला बघून रडायलाच लागली. “बाई, उठले आसते तर ह्यांचं काम गेलं आसतं. आन आता नाय उठले तरी गेलं.”

“तू नाय चुकली,” बाई म्हणाल्या. “मी चुकले. माझा राग खरा होता, पण त्याचं ओझं मी तुझ्या डोक्यावर दिलं. भर सभेत तुला उभं करायला निघाले, तुला न विचारता. अहिंसा अहिंसा म्हणून ओरडत होते आणि हिंसा माझ्याच हातून झाली.” आणि त्या वाकल्या. रंजनाने घाबरून पाय मागे घेतले, तर बाईंनी जमिनीला हात लावून नमस्कार केला. रंजनाचा नवरा दारात उभा होता. तो आत गेला आणि चहा टाकल्याचा आवाज आला.

रंजना आता खांब नावाच्या गावी, माहेरी असते. नवरा हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये काम करतो. शेत पडीक आहे. पंप अजून लागतो, पण पुष्कळ कमी. वारा बदलला एवढंच. विचार तिचे तेच आहेत; मुंबईच्या सरांना कोणीतरी कळवा.

बाईंनी काही महिने माझ्या दुकानामागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, वर्ग चालवला. आम्ही तिघंचौघं असायचो. मग भावाने बोलावलं म्हणून त्या पेणला गेल्या. जाताना मी म्हटलं, “बाई, हरलो ना आपण?” तर केवढ्याने ओरडल्या माझ्यावर. “शर्यत होती का? बसतेस ना रोज? मग बस. आणि तक्रारीचं बंद करू नको.” मी बंद केलेलं नाही. वास अजून येतो. मी अजून कळवते. साहेब अजून हसतात.

गेल्या हिवाळ्यात औषधांच्या खरेदीला पेणला गेले होते, तेव्हा रामवाडीत त्यांच्या घरी डोकावले. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, बाई खारेपाटात गेल्यात, रोज जातात. मी मिनीडोर रिक्षा पकडली आणि गेले. ऊन कलतीला आलं होतं. गावाच्या कडेला बांधावर दहाबारा बायका बसलेल्या दिसल्या. मिठागरातून नुकत्या सुटलेल्या. पिंढऱ्यांपर्यंत सुकलेलं मीठ, टाचा भेगाळलेल्या. त्यांच्यासमोर बाई, पाठ ताठ, डोळे मिटून. खाडीवरून वारा येत होता. मी मागेच थांबले.

एक तरणी बाई बसल्या बसल्या शेजारणीच्या खांद्यावर कलंडली आणि घोरायला लागली. दोघीतिघी फिसकन हसल्या. शेजारणीने तिला हलवायला हात उचलला.

“खबरदार!” बाईंचे डोळे उघडले. “हात नको लावूस तिला. पहाटेपासून मीठ ओढलंय तिने. झोपू दे.”

शेजारणीचा हात तसाच हवेत राहिला, मग हळूच खाली आला. बाईंनी सगळ्यांवरून एकदा जळजळीत नजर फिरवली, कोणी हसतंय का ते बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. तरणी बाई घोरत होती. बाकीच्या बसून राहिल्या. मी हाक न मारता परत फिरले.